जुना रहस्यपट पाहताना आजोबांचा धागा सुटतो का?

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) घरी लागला आहे. मेलेल्या बायकोसारखी हुबेहूब दिसणारी स्त्री समोर येते आणि आजोबा पुन्हा पुन्हा विचारतात, “ही कोण? मघाशी काय झालं?” अशा वेळी चिडू नका आणि “वय झालं” म्हणून सोडूनही देऊ नका.

रहस्यपटच अवघड का जातो?

नावे, चेहरे आणि मघाशी दिसलेला पुरावा हे सगळे एकाच वेळी लक्षात ठेवावे लागते. मेंदूसाठी हे बरेच काम आहे.

प्रत्येक वेळी स्मृतिभ्रंशच असतो का?

नाही. आधी ही कारणे तपासा:

- कमी ऐकू येणे: आवाज वाढवूनही संवाद निसटतात.
- मोतीबिंदू: कृष्णधवल सिनेमातील अंधारी दृश्ये आणि चेहरे नीट दिसत नाहीत.
- औषधे: झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते.
- नैराश्य: कशातच मन लागत नाही.
- बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा विकार: रक्त तपासणीत कळतात आणि उपचारही होतात.

काळजी कधी करावी?

तरुणपणी पाहिलेल्या सिनेमाचा शेवट आजोबा बिनचूक सांगतील, पण दहा मिनिटांपूर्वी घेतलेला चहा आठवणार नाही. स्मृतिभ्रंशात जुन्या आठवणी बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतात, त्यामुळे घरच्यांची फसगत होते. म्हणून रोजचे व्यवहार पाहा. वैजनाथाच्या दर्शनाहून परतताना नेहमीचा रस्ता चुकणे, पैशांचा हिशोब न जमणे, गोळी दोनदा घेणे हे प्रकार काही महिन्यांपासून वाढत असतील, तर तपासणी करून घ्या.

ताबडतोब रुग्णालयात कधी न्यावे?

कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती अचानक गोंधळली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हातपाय लुळा पडला, तर १०८ वर फोन करा. जंतुसंसर्ग, साखर कमी होणे किंवा पक्षाघात यामागे असू शकतो.

कुठे दाखवावे?

सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. पुढील तपासणीसाठी परळीहून जवळ अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. चालू असलेली सर्व औषधे सोबत न्या. बदल केव्हापासून जाणवतो, हे लिहून ठेवा.

सिनेमा मात्र बंद करू नका. सोबत बसा, मध्ये थांबवून गोष्ट सांगा. “आता सांगा, खुनी कोण?” अशी परीक्षा घेऊ नका. निदान करणे डॉक्टरांचे काम आहे, तुम्ही फक्त लक्ष ठेवा.