कोटीपोटातील उपकारक बुरशी आणि तिच्या पोषणगरजा

उन्हाळ्यात हिरवा चारा संपला, की गव्हाचे काड, भाताचा पेंढा किंवा ज्वारीचा कडबा हाच देशभरातील बहुसंख्य गुरांचा आधार उरतो. गव्हाणीत चारा भरपूर असूनही जनावर तो टाकून देते, शेणात न पचलेल्या काड्या दिसतात आणि दूध घटते. अशा वेळी दोष चाऱ्याच्या प्रतीला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा उपासमार होत असते ती जनावराच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीवांची. त्यांतील सर्वाधिक दुर्लक्षित घटक म्हणजे तेथील बुरशी.

ओळख उशिरा पटली

प्राणवायूविना बुरशी जगू शकत नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. कोटीपोटातील द्रवात शेपटीच्या साहाय्याने पोहणारे सूक्ष्म जीव आदिजीव मानले जात. ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन ऑर्पिन यांनी 1975 मध्ये मेंढीच्या कोटीपोटातील असे जीव हे बुरशीचे चलबीजाणू असल्याचे दाखवून दिले. कीटकांच्या कवचात असते तेच कायटीन या जीवांच्या पेशीभित्तिकेत आढळल्यावर उरलीसुरली शंका मिटली. साठवणुकीत ओलसर चाऱ्यावर वाढणाऱ्या घातक बुरशीशी मात्र तिची गल्लत करू नये. तसा चारा जनावरास कधीही देऊ नये.

कार्य कसे चालते?

जनावराने चारा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चलबीजाणू बाहेर पडतात. चाऱ्यातून विरघळणाऱ्या शर्करेच्या दिशेने ते पोहत जातात आणि काडीच्या तुटलेल्या कडांवर किंवा पर्णरंध्रांवर स्थिरावतात. तेथून मुळांसारखे तंतू ऊतीत शिरतात. विकरांची क्रिया व तंतूंचा दाब यांमुळे काष्ठमय भाग सैल होऊन फुटतो आणि जिवाणूंना आत प्रवेश मिळतो. ही बुरशी लिग्निन पचवत नाही. परंतु त्याच्या आड दडलेल्या सेल्युलोजपर्यंतची वाट ती मोकळी करते.

तिला काय लागते?

ऊर्जा तिला तंतुमय चाऱ्यातूनच मिळते. नत्र ती अमोनिया व अमिनो आम्लांच्या रूपात घेते. थायमिन व बायोटिन ही जीवनसत्त्वे तिला लागतात. ती बहुतांशी सहनिवासी जिवाणू व चारा यांतून उपलब्ध होतात. तिचे जीवनचक्र साधारणतः 24 ते 32 तासांचे असल्याने चाऱ्याचे कण तितका काळ कोटीपोटात टिकणे आवश्यक असते. धान्याचा भरडा एकाच वेळी अधिक दिल्यास आम्लता वाढते आणि बुरशीची संख्या घटते.

तथापि, सर्वाधिक विसर पडतो तो गंधकाचा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, गंधकयुक्त खत दिलेल्या डिजिटेरिया गवतावरील मेंढ्यांच्या कोटीपोटात बुरशी विपुल आढळली व त्यांनी अधिक गवत खाल्ले. गंधकाची कमतरता असलेल्या गवतावरील मेंढ्यांत बुरशी जवळपास दिसलीच नाही. कोटीपोटातील जिवाणू सल्फेटचे सल्फाइडमध्ये रूपांतर करतात व त्या रूपातील गंधक बुरशीच्या उपयोगी पडते.

गोठ्यातील व्यवहार

निकृष्ट चाऱ्याला जोड म्हणून युरियाचा वापर होतो, पण युरियात गंधक मुळीच नसते. शिफारशीनुसार आहारात दर 10 ते 12 भाग नत्रामागे सुमारे 1 भाग गंधक असावे. 100 ग्रॅम युरियातून 46 ग्रॅम नत्र मिळते. त्यासोबत सुमारे 4 ग्रॅम गंधक हवे. यासाठी पुढील बाबी पाळाव्यात.

1. खनिज मिश्रण घेताना पिशवीवरील गंधकाचे प्रमाण तपासावे.

2. खुराकात युरिया 1 टक्क्याहून अधिक नसावा व तो एकजीव मिसळावा. सहा महिन्यांखालील वासरांना व उपाशी जनावरांना युरिया देऊ नये.

3. फवारणीसाठीचे गंधक आहारात कदापि वापरू नये. एकूण आहाराच्या शुष्क भागात गंधक 0.4 टक्क्यांपलीकडे गेल्यास मेंदूचा विकार संभवतो. पाणी खारे असल्यास त्यातील सल्फेटही हिशेबात धरावे. मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच ठरवावी.

4. चाऱ्याची कुट्टी करावी, भुकटी नव्हे. भुकटी कोटीपोटातून लवकर पुढे सरकते.

5. खुराक दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यावा. वाळल्या चाऱ्यासोबत थोडा हिरवा चारा, शक्यतो द्विदल, अवश्य द्यावा.

6. आहारातील कोणताही बदल दोन-तीन आठवड्यांत क्रमाक्रमाने करावा.

महागडा खुराक वाढविण्यापूर्वी पशुपालकाने खनिज मिश्रणाची पिशवी उलटून तीवरील गंधकाचा आकडा वाचावा. विस्तार कार्यकर्त्यांनीही गोठ्याला भेट देताना युरियाची चौकशी करावी आणि त्यासोबत गंधकाचीही करावी. बुरशीची भूक भागली, तरच गव्हाणीतील पेंढ्याचे दूध होते.