जत्रेचा एक दिवस : जनावरांची गर्दी आणि कापडाचा धंदा

आपल्यातील बरेच दुकानदार जत्रेच्या धंद्याला किरकोळ समजतात. आमचे मत वेगळे आहे. जत्रेत एका दिवसात दुकानाची आठवड्याची विक्री होऊ शकते आणि तितक्याच सहजपणे टेम्पोचे भाडेसुद्धा अंगावर पडू शकते. गर्दी दोन्ही वेळा असते. ती कशासाठी जमली आहे आणि तिच्या हातात पैसा केव्हा येतो, हे ज्याने ओळखले त्याचा माल खपतो.

आमच्या भिवंडीला दोन जत्रा जवळच्या आहेत. पहिली वज्रेश्वरीची. भिवंडी-वाडा रस्त्याने जाऊन अंबाडी नाक्यावरून वळले की तानसा नदीच्या काठी हे गाव लागते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, त्यानंतर हे देऊळ बांधले गेले. जत्रा चैत्र अमावस्येच्या सुमारास, म्हणजे साधारण एप्रिल-मे महिन्यात भरते. चतुर्दशीला सुरू होऊन अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी निघेपर्यंत ती चालते. जवळच अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. येणारे लोक कुटुंबासह येतात आणि त्यांतील बरेच कुंडावर स्नान करतात. म्हणून येथे टॉवेल, पंचे, मुलांचे कपडे, गाऊन आणि हलक्या साड्यांचा माल उठतो. खरेदीचा निर्णय बायका घेतात, तेव्हा रंग आणि वाण भरपूर ठेवावे.

दुसरी म्हशाची. मुरबाडच्या पुढे म्हसा येथे पौष पौर्णिमेला, म्हणजे साधारण जानेवारीत, जनावरांचा मोठा बाजार भरतो. येथील गिऱ्हाईक शेतकरी आहे. तो बैलाचे दात बघतो, चालवून बघतो, आणि मग हेडे लोकांशी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतो. हा सौदा बघणे हाच लोकांचा मोठा तमाशा. पण तो सौदा तुटेपर्यंत शेतकऱ्याचा हात खिशात जात नाही. विकणाऱ्याकडे रोकड येते ती दुपारनंतर. सकाळी दहाला गिऱ्हाईक नाही म्हणून भाव पाडणारा दुकानदार संध्याकाळचा नफा स्वतःच घालवतो. थंडीचे दिवस असल्याने चादरी, ब्लँकेट, लुंग्या आणि शर्टपीस येथे चालतात. वज्रेश्वरीला उरलेला माल म्हशाला न्यावा, हा विचार मात्र सोडून द्यावा. दोन्ही ठिकाणचा ऋतू वेगळा आणि गिऱ्हाईकही वेगळे.

आता जनावरांच्या खेळांबद्दल. आमच्या लहानपणी जत्रा म्हटली की मदाऱ्याचे माकड, कलंदराचे अस्वल, गारुड्याची टोपली आणि सर्कशीचा तंबू. सर्कस तर आपल्याच मुलखात वाढली. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये पहिली भारतीय सर्कस सुरू केली. तंबूच्या तोंडाशी दुकान मिळावे म्हणून व्यापारी आदल्या रात्री मुक्काम करीत. ते दिवस कायद्याने संपवले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने अस्वल आणि साप पाळून खेळ करण्यावर बंधन आले. पुढे 1998 च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ बंद झाले, आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम केली. यात कलंदर आणि मदारी समाजाची पिढीजात रोजी गेली. अस्वल सोपवणाऱ्या अनेक कलंदर कुटुंबांना प्राणिमित्र संस्थांनी दुसऱ्या धंद्यासाठी थोडे भांडवल दिले. ज्यांनी ते भांडवल मालात गुंतवले ते टिकले. जत्रेत आज असा कोणी भाऊ मण्यांची किंवा खेळण्यांची पथारी मांडून बसलेला दिसला तर त्याला शेजारी जागा द्यावी. गर्दी कशी बोलवावी हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

बैलांच्या शर्यतीची गोष्ट निराळी आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, 2021 च्या डिसेंबरात न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी हवी आणि जनावराला इजा होता कामा नये. नियम मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यापाऱ्याने यातून एवढेच घ्यावे की शर्यतीच्या भरवशावर माल भरण्यापूर्वी परवानगी निघाली की नाही हे विचारावे. परवानगी नसेल तर गर्दी पांगवली जाते आणि आपला माल उघड्यावर राहतो. रोगाची साथसुद्धा लक्षात ठेवावी. 2022 च्या सप्टेंबरात लम्पी रोगामुळे राज्यात जनावरांचे बाजार आणि जत्रांवर बंदी आली होती. म्हणून जागेचा आगाऊ पैसा देताना, जत्रा रद्द झाल्यास तो परत मिळेल का, हे बोलून घ्यावे.

जागा निवडताना जनावरांच्या दावणीला खेटून बसू नये. धूळ उडते, पांढरे कापड दुपारपर्यंत मळते, आणि फडफडणाऱ्या कापडाने बैल बुजतात. बाजारातून बाहेर पडण्याच्या वाटेवर, पाण्याच्या किंवा चहाच्या ठिकाणाजवळ बसावे. माणूस तेथे थांबतो. जागेची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मीटर शिक्क्याचा असावा. मोबाइलवर पैसे घ्यावेत, पण गर्दीत नेटवर्क बसते म्हणून सुट्टे पैसे घरूनच न्यावेत.

हिशेब आधी मांडावा. समजा टेम्पो 2500 रुपये, जागा 1000, दोन पोरांची मजुरी 1400, जेवण-चहा 500 आणि पिशव्या 100. एकूण 5500 झाले. शंभराच्या विक्रीत 25 रुपये सुटत असतील तर 22,000 रुपयांच्या विक्रीपर्यंत आपण फक्त खर्च भरून काढतो. कमाई त्यापुढची. हा आकडा कागदावर लिहून गल्ल्यात ठेवावा. दुपारी तीनला त्याच्या निम्म्यावरही विक्री नसेल तर कटपीसचा ढीग वेगळा करून एकच भाव लावावा. चांगल्या मालाचा भाव मात्र तोडू नये.

परतीच्या प्रवासाबद्दल कळकळीने सांगतो. टेम्पो रिकामा बघून एखादा ओळखीचा शेतकरी म्हणतो, माझे वासरू वाटेत सोडा, डिझेलचे पैसे देतो. नम्रपणे नाही म्हणावे. जनावर नेण्यासाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो, आणि 2015 च्या नियमांप्रमाणे कप्पे असलेली खास गाडीही लागते. त्याच वर्षी राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून रस्त्यात अडवणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि आपल्या नावाच्या माणसाला खुलासा करायला वेळ मिळतोच असे नाही. पाचशे रुपयांच्या भाड्यासाठी गाडी, माल आणि जीव पणाला लावण्याचे कारण नाही.

आपल्या कारागिरांना मात्र जनावरांच्या बाजारात अजून जागा आहे. नालबंदाचे काम तेथे दिवसभर चालते. बैल घेतला की नवा धनी म्होरकी, कासरा, घुंगुरमाळ, गोंडे आणि झूल बघतो. भिवंडीत जाड कापडाचे तुकडे वजनावर मिळतात. एखाद्या शिंप्याने त्यांच्या झुली शिवल्या, रंगरेजाने त्यावर पक्का रंग चढवला आणि घरातील बायकांनी गोंडे ओवले, तर तीन घरांना काम मिळते. कापडाचे दुकान आणि झुलीचा ढीग शेजारी असले की बैलाचा धनी झुलीसाठी थांबतो आणि त्याच्या घरची माणसे साडी बघतात. म्हशाची जत्रा पौषात असते. झुली शिवायला दिवाळी उलटताच बसले तरच माल वेळेवर तयार होईल.