खानेसुमारीची वही आणि कोल्हापुरांतील मुली

आमच्या मार्केट यार्डांतील गुळाचा लहानसा अडत्याहि दिवाळींत जुनी वही मिटवून नवी उघडल्याखेरीज राहत नाहीं. गतवर्षीं माल किती आला, येणें किती, देणें किती, हें ठाऊक असलें तरच त्याला पुढील व्यवहार सुचतो. राष्ट्राची अशीच वही म्हणजे खानेसुमारी. हिंदुस्थानांत ती प्रथम १८७२ मध्यें झाली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनीं, १९४१ च्या महायुद्धाच्या धुमाळींतसुद्धां, होत गेली. २०२१ ची मात्र करोनाच्या सांथीमुळें लांबली. ती १ मार्च २०२७ ही संदर्भतिथि धरून करण्याचें सरकारनें जून २०२५ मध्यें जाहीर केलें. नव्या वहीचा विचार करतांना मागील वहींत आपल्या नांवावर काय मांडलें आहे, हें कोल्हापूरकरांनीं एकदां शांतपणें पाहावें, अशी आमची विनंति आहे.

लोकसंख्येचा विषय निघाला कीं आपली सुशिक्षित मंडळी प्रथम आकड्याच्या थोरपणास भितात. १९५१ सालीं ३६ कोटि असलेली देशाची वस्ती २०११ सालीं १२१ कोटींवर गेली, आणि २०२३ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणें आपण चीनलाहि मागें टाकलें, हें खरें. परंतु ही भीति आतां बरीचशी शिळी झाली आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत दर स्त्रीमागें अपत्यांची सरासरी देशांत २.० व महाराष्ट्रांत १.७ आढळली. एका पिढीच्या जागीं तेवढीच दुसरी पिढी उभी राहावयास २.१ लागतात. तेव्हां माणसें फार होतील ही चिंता ओसरूं द्यावी, आणि त्या माणसांत मुली किती असतील याची चिंता धरावी, हें उचित होय.

निसर्गतः दर हजार मुलग्यांमागें साडेनऊशेंच्या आसपास मुली जन्मास येतात. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत हें प्रमाण कोल्हापूर जिल्ह्यांत १९९१ सालीं ९३१ होतें. २००१ सालीं तें ८३९ वर उतरलें. एका दशकांत हजारीं ब्याण्णव मुली कमी! १९११ ते १९२१ या दशकांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली, तेव्हां १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाकडे बोट दाखवितां आलें. आमच्या जिल्ह्यांत कोणती अशी सांथ आली होती, कीं जिनें घरोघर नेमक्या मुलीच निवडल्या?

हें दारिद्र्याचें वा अज्ञानाचें फळ आहे म्हणावें, तर तेंहि नव्हे. २०११ च्या खानेसुमारींत कोल्हापूर जिल्ह्यांत साक्षरता शेंकडा ८१ वर, आणि बालकांत मुली ८६३. जंगलांनीं वेढलेल्या, गरीब गडचिरोली जिल्ह्यांत साक्षरता शेंकडा ७४, आणि मुली ९६१! उसाचे मळे, साखर कारखाने, दूध संघ, महाविद्यालयें हें सर्व ज्यांच्या पदरीं आहे त्यांनीं, ज्यांच्या पदरीं यांतलें फारसें कांहींच नाहीं त्यांच्यापुढें मान खालीं घालावी, असा हा हिशेब आहे. पैसा आला, यंत्र आलें, कुटुंब लहान झालें. पण ‘एक तरी मुलगा हवाच’ हा हट्ट मात्र होता तेवढाच राहिला. दोहोंत एक मुलगा निश्चित करण्याचा निंद्य मार्ग सोनोग्राफीच्या खोलींतून गेला.

कायदा नाहीं, असें कोणी म्हणूं नये. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशांत प्रथम महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला. १९९४ सालीं संसदेनें तो सर्व देशासाठीं केला, व २००३ सालीं अधिक कडक केला. परंतु या गुन्ह्याचा स्वभावच असा आहे कीं, पैसे देणारा खूष, घेणारा खूष, आणि फिर्यादी जन्मासच येत नाहीं. साक्ष कोणीं द्यावी? म्हणूनच २००९-१० च्या सुमारास जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकीर्दींत येथील सोनोग्राफी यंत्रांस तपासणीची नोंद ठेवणारें ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हें उपकरण जोडण्यांत आलें, हें योग्यच झालें. २००१ ते २०११ या काळांत राज्याचें प्रमाण ९१३ वरून ८९४ वर घसरलें, तर कोल्हापूरचें ८३९ वरून ८६३ वर चढलें. तथापि ८६३ हें समाधान मानण्याजोगें उत्तीर्णपत्र नव्हे.

यंत्रावर पहारा ठेवतां येतो. मनावर कोण ठेवणार? मुलगी म्हणजे खर्चाची बाब आणि मुलगा म्हणजे जमेची, ही नोंद जोंवर आमच्या मनाच्या वहींत आहे, तोंवर पहारा चुकविणारे निघतीलच. १९९४ सालीं महाराष्ट्रानें आणि २००५ सालीं संसदेनें एकत्र हिंदु कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलग्याप्रमाणें जन्मतः हक्क दिला. पण आम्हां वकिलांस विचारा: बाप गेल्यावर बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरींत येतात त्या बहुधा हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठींच, आणि तीहि विनामोबदला. ‘माहेर तुटेल’ या एका भीतीपुढें दोन कायदे हात टेकतात. कायद्यानें दिलेलें भावानें काढून घेतलें, तर मुलगी जड वाटावयाची कशी थांबेल?

आज लग्नाच्या वयाच्या मुलास वधू मिळत नाहीं, ही तक्रार गांवोगांव ऐकूं येते. ज्यांनीं पेरणीच केली नाहीं, त्यांनीं पीक कोठें गेलें म्हणून विचारावें, यापरतें आश्चर्य तें कोणतें?

शाहू छत्रपतींनीं आपल्या दरबारच्या नोकऱ्यांत कोण किती व कोण मुळींच नाहीं हें डोळे उघडून पाहिलें, म्हणून २६ जुलै १९०२ चा निम्म्या जागा राखणारा हुकूम निघाला. मोजणें हें न्यायाचें पहिलें पाऊल आहे, हें या नगरीस कोणीं शिकवावयास नको. खानेसुमारीचा गणक आमच्या दारीं येईल तेव्हां त्याला जें आहे तेंच लिहावें लागेल. आकडा बदलणें त्याच्या हातीं नाहीं; आमच्या हातीं आहे. व्यापारी बंधूंनीं हुंडा देणें-घेणें सोडावें, बहिणीपुढें हक्कसोडपत्र ठेवूं नये, आणि दुकानावरील पाटीवर ‘आणि सन्स’ लिहितांना ज्या मुलीनें हिशेब शिकला आहे तिचेंहि नांव घालावें. एवढें झालें, तरच पुढील वहींत कोल्हापूरच्या नांवावरील ही तूट भरून निघेल.