उडविण्यापूर्वी उतरविण्याचा विचार

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतील पाच-सहा विद्यार्थी मधल्या सुटीत माझ्याकडे आले. आपसांत वर्गणी काढून त्यांनी ड्रोनचे सुटे भाग मागविले होते. ते जोडून यंत्र उडवावे, एवढीच त्यांची इच्छा होती. मी विचारले, "उडवून काय करणार?" त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, आधी उडू तर द्या!" त्यांचा उत्साह पाहून मलाही नाही म्हणवेना.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर यंत्र पटांगणात ठेवले. चारही पंखे फिरू लागले, यंत्र वर उठले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पण अर्धे मिनिट होते न होते तोच ते एका बाजूस सरकू लागले. हातातील नियंत्रकाच्या दांड्या कितीही फिरविल्या, तरी ते दाद देईना. नळावर पाणी पीत असलेल्या लहान मुलांच्या डोक्यांवरून ते गेले आणि आवाराच्या भिंतीवर आदळून त्याचा चुराडा झाला. कोणास इजा झाली नाही, हे केवळ सुदैव.

मागाहून शोध घेतला, तेव्हा नियंत्रकाचे सेल उतरले होते असे आढळले. संदेश येणे थांबताच यंत्रावरील ग्राहकाने अखेरचा हुकूम तसाच धरून ठेवला. अखेरचा हुकूम 'पुढे चल' असा होता, म्हणून यंत्र पुढे चालत राहिले. संदेश तुटल्यास काय करावयाचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दोष यंत्राचा नव्हता; मुलांचाही फारसा नव्हता. वडीलधारा म्हणून तेथे उभा होतो मी, आणि हा प्रश्न मीही विचारला नव्हता.

आमच्याजवळ सामानाची यादी होती, योजना नव्हती. या दोहोंत मोठे अंतर आहे. काय विकत घ्यावयाचे, हे यादी सांगते. काय साधावयाचे, कोणत्या क्रमाने साधावयाचे, आणि साधले नाही तर काय करावयाचे, हे योजना सांगते. त्यातही शेवटचा प्रश्न हौशी मंडळी हटकून विसरतात. तो न विसरल्याने काय घडू शकते, याचे एक उदाहरण विद्यार्थिमित्रांस सांगण्यासारखे आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात किंगरॉय नावाचे गाव आहे. वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांची एक स्पर्धा २००७ साली सुरू झाली आणि पुढे काही वर्षे ती या गावी भरत असे. कामगिरी अशी: रानात वाट चुकलेला एक प्रवासी तहानेने व्याकूळ होऊन पडला आहे असे समजावयाचे. त्याच्या जागी माणसाच्या आकाराचा एक बाहुला दूर कोठे तरी ठेवीत. त्याचे नाव 'आउटबॅक जो'. स्पर्धकांच्या विमानाने आपल्या आपण जाऊन त्याला हुडकावयाचे आणि त्याच्यापासून १०० मीटरच्या आत पाण्याची बाटली टाकावयाची. ऐकावयास सोपी वाटणारी ही कामगिरी कित्येक वर्षे कोणासही पूर्ण करता आली नाही. ती प्रथम साधली २०१४ साली, आणि त्या वर्षी पहिला क्रमांक 'कॅनबेरा यूएव्ही' या हौशी मंडळाने मिळविला. संगणकशास्त्रात नाव मिळविलेले अँड्र्यू ट्रिजेल हे त्या मंडळातील एक. याच मंडळाच्या विमानाने २०१२ साली 'जो'ला शोधून काढले होते. पण संपूर्ण यशासाठी आणखी दोन वर्षे खपावे लागले.

या स्पर्धेत भाग घेणाऱ्याला विमान घेऊन थेट मैदानावर जाता येत नसे. आपले विमान कसे आहे, त्यापासून कोणते धोके संभवतात आणि त्यांवर उपाय काय, हे त्याला आधी टप्प्याटप्प्याने लेखी द्यावे लागे. जमिनीशी संपर्क तुटला, तर विमानाने ठरलेल्या जागी जाऊन घिरट्या घालावयाच्या. तरीही तो जुळला नाही, तर तळाकडे परतावयाचे. आखून दिलेली हद्द मात्र विमानाने ओलांडली, तर त्याने स्वतःचे उड्डाण तत्काळ संपवून खाली कोसळावयाचे! महिनोन् महिने खपून बांधलेले विमान आपल्याच हातांनी पाडण्याची तजवीज आधी करावयाची, हे वाचून प्रथम नवल वाटते. पण हद्दीबाहेर माणसे राहतात, आणि विमान पुन्हा बांधता येते.

आता हे धडे आपल्याकडील शालेय मंडळाला कसे लागू पडतात, ते पाहू.

पहिली गोष्ट, हेतू एका वाक्यात लिहावा, आणि तो सफल झाला की नाही हे मोजता यावे. 'चांगला ड्रोन बनविणे' हा हेतू नव्हे. आमच्या मुलांनी पुढे असे लिहिले: 'पावसाळ्यापूर्वी शाळेच्या कौलारू छपराची छायाचित्रे घेऊन फुटकी कौले शोधणे.' हे वाक्य ठरताच निम्मे प्रश्न आपोआप सुटले. वेग नको, लांब पल्ला नको. हवे ते स्थिर राहणारे, लहान कॅमेरा वाहणारे हलके यंत्र.

दुसरी गोष्ट जागेची आणि कायद्याची. भारत सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाची हिरवी, पिवळी व तांबडी अशी क्षेत्रे केली. हिरव्या क्षेत्रात साधारणतः ४०० फुटांपर्यंत उड्डाण करता येते. चालू विमानतळाच्या परिघापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रकांची, तर तांबड्यात केंद्र सरकारची अनुज्ञा लागते. बेळगावकरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सांबऱ्यास विमानतळ व हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र व छावणी आहे. तेव्हा 'आमचेच पटांगण, आमचेच यंत्र' हा युक्तिवाद येथे चालत नाही. वजनाने २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास चालक-प्रमाणपत्राची अट नाही. पण क्षेत्रांचे निर्बंध त्यालाही आहेत. डिजिटल स्काय या सरकारी व्यवस्थेवरील नकाशा आणि त्या वेळचे नियम उड्डाणापूर्वी पाहणे, हे योजनेतील पहिल्या पानावरचे कलम असावे. पहिल्या खेपेस आम्ही तो नकाशा पाहिला नव्हता, हेही येथे कबूल केले पाहिजे.

तिसरी गोष्ट गणिताची. सर्व मिळून यंत्राचे वजन २४० ग्रॅम ठरविले, तर चार पंख्यांचा एकूण जोर त्याच्या दुप्पट, म्हणजे निदान ४८० ग्रॅम असावा; प्रत्येक पंख्यास १२० ग्रॅम. हा जादा जोर नसला, तर वाऱ्याच्या झोतात यंत्र सावरत नाही. आता बॅटरी पाहा. ती ४५० मिलीअँपिअर-तासांची आहे आणि तरंगताना यंत्र ४.५ अँपिअर प्रवाह ओढते, असे समजा. बॅटरी पुरती रिकामी केल्यास बिघडते, म्हणून तिचा ८० टक्केच भाग, म्हणजे ३६० मिलीअँपिअर-तास, हिशेबात धरावा. तेवढा साठा ०.०८ तास पुरतो. म्हणजे ५ मिनिटेही नाहीत! मोठी बॅटरी घ्यावी, तर वजन वाढते. वजन वाढले की प्रवाह वाढतो. ही ओढाताण कागदावर सोडविली तर खर्च पेन्सिलीचा. मैदानात सोडविली तर वर्गणीचा. लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगल्यास वा टोचल्यास पेट घेऊ शकते. म्हणून ती जळणार नाही अशा पृष्ठावर ठेवून, कोणी तरी जवळ बसूनच भारित करावी.

चौथी गोष्ट टप्प्यांची. प्रत्येक टप्प्याला उत्तीर्ण होण्याची अट हवी. आम्ही पुढीलप्रमाणे पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायरीवर पंखे न लावता नुसत्या मोटारी फिरवावयाच्या, त्यांच्या दिशा तपासावयाच्या आणि मुद्दाम नियंत्रक बंद करून यंत्र ठरल्याप्रमाणे वागते की नाही ते पाहावयाचे. दुसरीवर सभागृहात जाळीच्या आड १ मीटर उंचीवर ३० सेकंद स्थिर तरंगावयाचे, तेही ओळीने दहा वेळा. तिसरीवर, नकाशात पाहून निवडलेल्या मोकळ्या शेतात वारा नसताना उडवावयाचे. कॅमेरा चौथ्या पायरीवर, आणि शाळेचे छप्पर, रीतसर अनुज्ञा मिळाल्यावर, सर्वांत शेवटी. एखाद्या पायरीवर अपयश आले, तर एक पायरी खाली उतरावयाचे. त्यात कमीपणा मानावयाचा नाही.

पाचवी गोष्ट माणसांची. सर्वांनाच दांड्या हातात हव्या असतात. पण एकाने उडवावे, एकाने केवळ आकाश व आसपासची माणसे यांवर नजर ठेवावी, एकाने बॅटऱ्या सांभाळाव्या आणि एकाने नोंदवही लिहावी. पाळ्या बदलत्या असाव्या. नजर ठेवणाऱ्याने 'उतरव' म्हणताच चालकाने का म्हणून न विचारता यंत्र उतरवावे. वहीत यशाइतकेच अपयशही तारखेसह लिहावे. पैशांपैकी तिसरा हिस्सा मोडतोडीसाठी प्रथमच बाजूला काढावा. मोडणार, हे गृहीत धरणाऱ्याचे काम अडत नाही.

विमान चालविणारी संगणक-प्रणाली नव्याने लिहीत बसण्याचेही कारण नाही. 'आर्डुपायलट' ही प्रणाली जगभरच्या हौशी लोकांनी मिळून वाढविली असून ती कोणासही विनामूल्य वापरता येते. कॅनबेराच्या मंडळानेही तीच वापरली. संदेश तुटल्यास काय करावे, बॅटरी उतरू लागल्यास काय करावे, हे सारे तीत आधी ठरवून ठेवता येते. मात्र ठरवावे आपणच लागते.

आमच्या मंडळाने अद्याप एकाही कौलाचे छायाचित्र घेतलेले नाही. मुले दुसऱ्या पायरीवर आहेत. वाचकांस ही प्रगती संथ वाटेल. परंतु गेल्या महिन्यात सभागृहात यंत्र जाळीमागे तरंगत असताना एका मुलाने, ठरल्याप्रमाणे, नियंत्रकाचे सेल काढून घेतले. सर्वांनी श्वास रोखून धरले. यंत्र क्षणभर जागीच राहिले, मग सावकाश खाली आले, जमिनीला टेकले आणि त्याचे पंखे थांबले. त्या वेळी झालेल्या टाळ्या मला पहिल्या दिवशीच्या टाळ्यांहून कितीतरी अधिक मोलाच्या वाटल्या.