‘मुळेच’मधला ‘च’

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली राज्यसेवेचा अभ्यास करतात. पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, मुली त्याला सीसॅट म्हणतात, २०१३ पासून आहे. आता त्यात ३३ टक्के मिळवले की पुरतं, पण तेवढे मिळवावेच लागतात. त्यातल्या तर्काच्या प्रश्नांत मुली एका ठिकाणी अडतात : ‘खालीलपैकी कोणत्या विधानाने हा युक्तिवाद कमकुवत होतो?’

आम्ही गटाच्या बैठकीत आपल्याच घरचा एक प्रश्न तयार केला. ‘डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतर लासलगावला भाव पडले. म्हणजे निर्यातबंदीमुळेच भाव पडले.’ आता पर्याय. अ : बंदीविरुद्ध शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. ब : कांदा निर्यातीतून परकीय चलन मिळतं. क : त्याच दिवसांत नव्या लाल कांद्याची आवक वाढत होती.

बायकांनी एका सुरात ‘अ’ म्हटलं. कांदा आपल्या शेतातला, राग येणारच! पण लिलाव बंद पाडले ही बंदीनंतरची गोष्ट झाली. भाव का पडला ते त्यातून कळत नाही. ‘ब’ खरं आहे, पण विषय वेगळा. ‘क’ मात्र दुसरं कारण पुढे ठेवतं. उत्तर ‘क’.

तेवढ्यात एक ताई उठल्या. “आवक हळूहळू वाढते. भाव तर बंदी जाहीर झाल्या झाल्या खाली आला. मग बंदीचा दोष नाही का?” आहे, आमचंही मत तेच. पण युक्तिवाद कमकुवत करायचा म्हणजे तो खोटा पाडायचा नसतो. ‘मुळेच’मधला ‘च’ सैल करायचा, एवढंच विचारलेलं असतं. आपलं मत बाजूला ठेवून पर्याय वाचायचे. परीक्षेत हेच अवघड जातं.

मग आम्ही मुद्दाम दुसरं वाक्य घेतलं. ‘सून घरात आली आणि विहीर आटली, म्हणजे तिचा पायगुण वाईट.’ याला काय काय विचारता येईल? त्या वर्षी पाऊस किती झाला? शेजारी कुणी खोल बोअर घेतली का? लग्नाच्या आधीपासूनच पाणी उतरत होतं का? ज्या घरात सून आलीच नाही, तिथली विहीर आटली का? आणि ज्या घरात आली, तिथली भरलेली राहिली का? यातल्या एकाचंही उत्तर नीट मिळालं तरी ‘च’ हलतो.

मागे बसलेल्या एक आजी बोटं मोजत म्हणाल्या, “आमच्या वस्तीवर त्या साली चार विहिरी आटल्या. लग्न एकच झालं होतं.”

ती सून आता आमच्याच गटाचा हिशेब लिहिते. तिच्या सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या बैठकीला दोघी एकत्र आल्या.