मोटारीच्या एंजिनास थंड हवा : एक विवेचन

दाब स्थिर असता हवेची घनता निरपेक्ष तपमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३० अंश सेल्सिअसची हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. एक ग्रॅम पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. साहजिकच जाळता येणारे इंधन, व पर्यायाने शक्तीही, उणावते. बॉनेटखालील तप्त हवा टाळून बाहेरची हवा घेणारी नळी मोटारीस मागाहून बसविण्यामागील तत्त्व हेच होय. मात्र अनेक मोटारींत मूळ रचनाच पुढील जाळीमागून हवा घेते. शिवाय थ्रॉटल अर्धवट उघडे असता शक्तीस मर्यादा त्याचीच पडते. म्हणून प्रत्यक्ष लाभ अल्पच.

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात याहून महत्त्वाचा प्रश्न नळीच्या मुखाच्या उंचीचा आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर जलमय झाला होता. मुख बंपरमागे खाली असल्यास साचलेले पाणी सिलिंडरात ओढले जाते. पाणी जवळजवळ असंकोच्य असल्याने दट्ट्या अडतो व कनेक्टिंग रॉड वाकतो. यास्तव मुख मूळ उंचीच्या खाली आणू नये, सांधे हवाबंद ठेवावेत आणि एंजिनाच्या बाजूस उष्णतारोधक पडदा लावावा. पाणी शिरल्याची शंका येताच एंजिन पुन्हा चालू करू नये.