नातवाचा खेळ आणि शरीराचे घड्याळ

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून सामना पाहणाऱ्या कोल्हापूरकराला दोन गोष्टींबद्दल कधीच शंका नसते. पंच चुकला, ही एक. आणि समोर धावणारे पोरगे पुढे जाणार की नाही हे आपल्याला कळते, ही दुसरी. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब या संघांच्या पाठीशी येथे पिढ्यान्‌पिढ्या पेठा उभ्या राहिल्या आहेत. त्यामुळे खेळाडूची पारख हा आपल्याला वारशानेच मिळालेला हक्क आहे, असे ज्येष्ठ मंडळी मानतात. मी तीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो. माझ्या स्वतःच्या पारखीबद्दल मला शंका आली ती फार उशिरा.

गेल्या हिवाळ्यात शिवाजी पेठेतील एक स्नेही घरी आले. वय चौऱ्याहत्तर. पेठेत सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांचा नातू तेरा वर्षांचा. बाहेरगावच्या एका अकादमीच्या निवड चाचणीला गेला होता आणि ‘चेंडूवर ताबा चांगला, पण अंगाने कमी’ या शेऱ्यासह परत आला होता. घरात त्यावरून दोन तट पडले होते. मुलाचे वडील म्हणत, आता फुटबॉल बंद, आठवीचा अभ्यास सुरू. आई म्हणे, पोरगे रात्री जेवत नाही, त्याला एकदम तोडू नका. आबांनी माझ्याकडे तोडगा मागितला. “मास्तर, तुम्ही एकदा त्याला बघा आणि सांगा, ह्याच्यात काही आहे का? नसेल तर मीच त्याची समजूत घालतो.”

मुलाला पाहण्याआधी मी आबांनाच विचारले, “त्याचे वडील कधी वाढले?” ते क्षणभर गोंधळले, मग हसून म्हणाले, “दहावीपर्यंत बेंचवर पहिल्या रांगेत बसायचा. कॉलेजात गेला आणि दोन वर्षांत माझ्या डोक्यावरून गेला.” चाचणी घेणाऱ्या प्रशिक्षकाकडे घड्याळ होते, मोजपट्टी होती, ही माहिती मात्र नव्हती. ती केवळ आजोबांकडे होती.

मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती सरासरीने साडेतेरा ते चौदा या वयात. एरवी वर्षाला पाच सेंटीमीटरच्या आसपास वाढणारा मुलगा त्या काळात नऊ-दहा सेंटीमीटर वाढतो, आणि त्यापाठोपाठ स्नायूंचे बळ येते. पण ही सरासरी झाली. कोणाची ही भरती बाराव्या वर्षी येते, तर कोणाची पंधराव्या. एकाच वर्गातल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांपैकी एक शरीराने पंधराचा आणि दुसरा अकराचा असणे, यात रोग काही नाही. उशिरा वाढण्याची ही प्रवृत्ती बहुधा घराण्यातूनच येते. म्हणून बालरोगतज्ज्ञ वडील किंवा मामा केव्हा वाढले, आईला पाळी केव्हा आली, हे आवर्जून विचारतात. अंतिम उंचीचा ढोबळ अंदाज हवा असेल तर आई व वडील यांच्या उंचीच्या बेरजेत मुलासाठी १३ सेंटीमीटर मिळवावेत आणि निम्मे करावे. मुलीसाठी १३ वजा करावेत. आबांच्या मुलाची उंची १७२ आणि सुनेची १५८, म्हणजे नातवाचा अंदाज १७१च्या पुढे. यात आठ-नऊ सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकतात. (मूल वयाच्या मानाने फारच ठेंगणे असेल किंवा वर्षात चार सेंटीमीटरही वाढत नसेल, तर मात्र घरगुती गणितावर थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.)

माझ्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मला यातले काही ठाऊक नव्हते. आंतरशालेय स्पर्धेसाठी संघ निवडताना मी मुलांना रांगेत उभे करीत असे, आणि माझी नजर आधी पोटऱ्यांकडे जाई. एका वर्षी एका किरकोळ मुलाला मी तीन वेळा राखीव ठेवले. चौथ्या वेळी तो आलाच नाही. पुढे एकदा रंकाळ्यावर भेटला. चांगला उंचापुरा, खांद्यावर स्वतःची मुलगी. नमस्कार केला, चौकशी केली, फुटबॉलचे नाव काढले नाही. मीही काढले नाही.

वयाच्या बाबतीत आणखी एक गोम आहे आणि ती आपल्या पिढीला पटकन कळेल. आपल्यापैकी कितीकांचा जन्म गुरुजींच्या कृपेने १ जूनचा झाला आहे! तेव्हा ती सोय होती. आज वयोगटाच्या स्पर्धांत जन्मतारखेला भलतेच मोल आले आहे. वयोगट जानेवारीपासून मोजला तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. दोघांत जवळजवळ वर्षाचे अंतर. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून दाखवले की निवडल्या गेलेल्यांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांतील मुलांचा भरणा आहे. पुढे फुटबॉलमध्येही तेच आढळले. थोरल्याला संघ मिळतो, संघामुळे सराव मिळतो, आणि मग तो खरोखरच अधिक चांगला होतो. खोट्या तारखांना आळा घालण्यासाठी फिफाने २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाच्या एमआरआय तपासणीचा वापर सुरू केला. आबांचा नातू डिसेंबर अखेरचा. चाचणीत त्याच्यासमोर होते ते बव्हंशी जानेवारी-फेब्रुवारीचे.

परंतु पारख चुकते ती केवळ आपल्यासारख्या शाळामास्तरांची, असे नव्हे. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत भारताने सतरा वर्षांखालील विश्वचषकातील आपला पहिला सामना अमेरिकेविरुद्ध खेळला. त्या भारतीय संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, म्हणून त्या रात्री पेठेपेठेत दूरचित्रवाणी संच चालू होते. आपण ०-३ ने हरलो. अमेरिकेच्या मुलांची धिप्पाड शरीरे पाहून माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, “ही सगळी पोरं उद्या जग गाजवणार.” अमेरिकेत क्लबांच्या अकादमी आहेत, पैसा आहे, मोजमापाची साधने आहेत, तेथे तरी भाकीत खरे ठरत असेल, असे मलाही वाटले होते.

गोल करणाऱ्या तिघांचेच पुढे काय झाले ते पाहावे. जोश सार्जंट जर्मनी व इंग्लंडमधील क्लबांतून खेळला आणि २०२२च्या कतार विश्वचषकात उतरला. क्रिस डर्किन बेल्जियमला जाऊन अमेरिकेतील लीगमध्ये परतला. तिसरा अँड्र्यू कार्लटन. त्या काळी त्याच्याबद्दल फार बोलले जाई. अटलांटा युनायटेडने आपल्या परिसरातून करारबद्ध केलेला तो पहिला मुलगा. पुढे तो खालच्या स्तरावरील क्लबांतून खेळत राहिला. एकाच सामन्यातील, एकाच वयाची, एकाच निवडीतून आलेली ही मुले.

त्याहून ठळक उदाहरण फ्रेडी अडूचे. घानामध्ये जन्मलेल्या या अमेरिकी मुलाशी डी. सी. युनायटेडने तो चौदा वर्षांचा असताना व्यावसायिक करार केला. एप्रिल २००४ मध्ये तो मैदानात उतरला, तेव्हा वृत्तपत्रे त्याची तुलना पेलेशी करीत होती. चौदाव्या वर्षी तो बरोबरीच्यांहून फार पुढे होता, यात संशय नाही. पण बाकीचे वाढत गेले. त्यानंतर पोर्तुगाल, फ्रान्स, ग्रीस, तुर्कस्तान, ब्राझील असा त्याचा प्रवास झाला; कोठेच तो स्थिरावला नाही, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून १७ सामन्यांवर थांबला. याउलट ख्रिश्चन पुलिसिक लहानपणी अंगाने किरकोळ. तो सोळाव्या वर्षी जर्मनीच्या डॉर्टमुंडला गेला आणि पुढे अमेरिकेचा सर्वांत नावाजलेला खेळाडू झाला. आमच्या वाचकांना आवडावी अशी गोष्ट म्हणजे, अठरा पूर्ण होण्याआधी युरोपात खेळण्याची वाट त्याला मोकळी झाली ती क्रोएशियात जन्मलेल्या आजोबांमुळे. त्यांच्या नात्याने त्याला तिकडचे नागरिकत्व मिळाले.

अनिकेतचेच पाहा. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे गेला, २०१९ मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये प्रशिक्षण घेऊन आला, आणि २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबाद संघात होता. एका दिवसाच्या चाचणीने यातले काय सांगितले असते?

त्याच २०१७च्या भारतीय संघातील अन्वर अलीची कथा प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. हा उंच बचावपटू राष्ट्रीय संघात जाणार हे जवळपास सर्वमान्य होते. २०१९ मध्ये वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयाचा स्नायू टोकाकडे जाड असल्याचे निदान झाले. खेळणे थांबले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पुढे तज्ज्ञांच्या तपासण्यांनंतर तो मैदानावर परतला. २०२२ मध्ये वरिष्ठ भारतीय संघातही खेळला. प्रत्येकाला अशी परवानगी मिळेल असे नाही आणि मिळावीही असे नाही, तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच. पण स्नायू जाड होण्याचा हा विकार पुष्कळदा आनुवंशिक असतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. धावताना घेरी येणे, छातीत दुखणे, अकारण धडधडणे ही लक्षणे मूल सांगेल, निदान विचारल्यावर सांगेल. घराण्यात कोणी ऐन तरुणपणी अचानक गेले होते का, हे मात्र मूलही सांगू शकत नाही आणि बरेचदा त्याचे आईवडीलही. “थोरल्या चुलत्यांचा मधला मुलगा शेतात काम करता करता गेला, बाहेरचे झाले म्हणाले सगळे.” असे वाक्य आजीच्या तोंडून येते. ते डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. खेळ गंभीरपणे सुरू करण्यापूर्वी ईसीजी आणि गरज भासल्यास टूडी इको काढून घेणे जड नाही.

वाढीच्या भरतीत दुसरे दुखणे येते ते गुडघ्याखाली पुढच्या बाजूस किंवा टाचेत. हाडे वेगाने लांब होतात, स्नायू मागे राहतात आणि जेथे ते हाडाला जोडलेले असतात तेथे ताण पडतो. गुडघ्याखाली टेंगूळही येते. याला ‘वाढीचे दुखणे, चालायचेच’ म्हणून मुलाला पळवत ठेवू नये, आणि घाबरून खेळ कायमचा बंदही करू नये. सराव कमी करणे, बर्फाने शेकणे, ताण देण्याचे व्यायाम एवढ्यावर बहुतेक मुले बरी होतात. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सूज, ताप किंवा लंगडणे असेल तर ते वेगळे. तेथे विलंब नको.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नये, आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून सुट्या सुट्या करून तीन महिने त्या खेळापासून विश्रांती द्यावी. शाळेचा संघ, तालमीचा संघ, खासगी शिकवणी आणि रविवारची स्पर्धा यांत अडकलेल्या आपल्या मुलांना हा सल्ला चैनीचा वाटेल. तरी आठ ते दहा तासांची झोप हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे आणि तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात आहे. आहाराबद्दल मी फार लिहीत नाही. दूध, अंडी, उसळ, भाकरी, घरचे मटण यांवर कोल्हापुरात पिढ्या पोसल्या आहेत. डब्यातली पावडर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज नको. नातीही आता मैदानावर येत आहेत. त्यांची भरती दोन वर्षे आधी, साडेअकरा-बाराच्या सुमारास येते. पाळी सुरू झाल्यावर थकवा दिसला तर ‘आता नाद पुरे’ म्हणण्याआधी रक्तातले लोह व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

मी आबांच्या नातवाला पाहायला गांधी मैदानावर तीन रविवार गेलो. त्याच्या गोलांची मोजणी केली नाही. चेंडू येण्याआधी त्याची मान वळते का, एवढे पाहिले. नॉर्वेतील अभ्यासक गेइर योर्डेट यांनी दाखवले आहे की उत्तम खेळाडू चेंडू पायाशी येण्यापूर्वीच आजूबाजूला अधिक वेळा पाहून घेतात. नातवाची मान वळत होती. चेंडू हरवला की तो कपाळाला हात लावून उभा राहत नव्हता, मागे धावत होता. मोठ्या मुलांनी खांदा मारला की मात्र पडत होता. आणि उठत होता.

“मग, आहे का त्याच्यात काही?” आबांनी विचारले. मी म्हणालो, “आज मला सांगता येत नाही, आबा. दोन वर्षांनी कदाचित येईल. तोवर त्याला कोणी खेळातून काढू नये, एवढेच बघा.” त्यांना हे उत्तर फारसे रुचले नाही. मास्तरकडून ठोस काही ऐकायला ते आले होते. घरात एवढे ठरले की शाळा इथलीच, खेळ तालमीच्या लहान गटात, अकादमीचा विचार पुढे.

त्या दिवसापासून त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत. दर तीन महिन्यांनी, सकाळी उठल्या उठल्या, टाचा भिंतीला लावून, डोक्यावर सपाट पुस्तक ठेवून आबा खूण करतात आणि शेजारी तारीख घालतात. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरहून अधिक वाढ दिसली तर भरती सुरू झाली असे समजून उड्या व धावणे कमी करावे, असे मी सांगून ठेवले आहे. पहिल्या दोन खुणांत सव्वा-सव्वा सेंटीमीटर होते. गेल्या आठवड्यात तिसऱ्या खुणेच्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन आला. चष्मा सापडत नव्हता म्हणून आकडा सुनेने वाचून दाखवला.

दोन पूर्णांक चार.